नोकरी सांभाळून रेटेड बुद्धिबळ स्पर्धा खेळणं नेमकं कसं असतं?

प्रश्न विचारणाऱ्यांचं वय अडतीस. पूर्णवेळ नोकरी, मोबाइलवर रोज ब्लिट्झ, म्हणजे काही मिनिटांचे झटपट डाव, आणि तिथलं रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद दाखवणारा आकडाही बरा. आता बोर्डावरच्या रेटेड, म्हणजे निकालांवरून अधिकृत रेटिंग ठरतं अशा, स्पर्धेत उतरायचं म्हणतात. हे जग कसं असतं, अभ्यासाला किती वेळ काढावा लागतो आणि या वयात रेटिंग वाढतं का, असं त्यांनी विचारलंय. मी बरीच वर्षं नोकरी सांभाळून अशाच स्पर्धा खेळत आलोय, त्यामुळे पटासमोर बसून जे दिसतं ते सांगतो.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. रेटिंग वाढतं, चाळिशीनंतरही वाढतं. ते कशाने वाढतं याचा अंदाज मात्र बहुतेकांचा चुकतो. नवा माणूस स्पर्धेआधी महिनाभर ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली, पाठ करत बसतो. आपल्या पातळीवर डाव तिथे क्वचितच संपतो. बाराव्या चालीला मिळालेला थोडा फायदा विसाव्या चालीला जातो, पंचविसाव्याला परत येतो आणि पस्तिसाव्या चालीला, दोघंही दमलेले असताना, कुणीतरी हत्ती फुकट देऊन बसतो. हौशी खेळाडूंचे गुण बहुतांशी त्या शेवटच्या तासात मिळतात आणि त्याच तासात जातात. पुढचं सगळं त्या तासाला धरूनच लिहितोय.

मोबाइलवरचं रेटिंग आधी डोक्यातून काढा. त्या साइटवरचे खेळाडू आपसात खेळतात आणि त्यातून तो आकडा निघतो. फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, आकड्याशी त्याची बरोबरी करण्यात अर्थ नाही. शिवाय तीन मिनिटांच्या ब्लिट्झने हाताला एक खोड लागते, चाल दिसली की खेळून मोकळं व्हायचं. बोर्डावर ती नडते. दुसरी अडचण नजरेची. पडद्यावर पट वरून, सपाट दिसतो. खऱ्या पटावर तुम्ही एका कडेला बसून तिरकं पाहता, समोरच्या सोंगट्या एकमेकींच्या आड येतात आणि लांबच्या कर्णावर कोपऱ्यात दबा धरून बसलेला उंट सुटून जातो. मागे येणाऱ्या चाली तर हमखास सुटतात. वजीर पुढे घुसताना सगळ्यांना दिसतो, तोच वजीर चार घरं मागे येऊन दुसरीकडे मारा करणार आहे हे दिसत नाही. म्हणून स्पर्धेआधीचे दोन-तीन आठवडे कोडी असोत की जुने डाव, खरा पट मांडून सोडवा. घड्याळही शेजारी ठेवा. ज्या हाताने चाल केली त्याच हाताने घड्याळ दाबायचं असतं, आणि हे ऐकून कळत असलं तरी सवय झाल्याशिवाय जमत नाही.

आता दिवस कसा जातो ते. वेळेचं गणित प्रत्येक स्पर्धेत वेगळं असू शकतं, पण प्रत्येकी ९० मिनिटं आणि पहिल्या चालीपासून चालीमागे ३० सेकंद हा प्रकार सर्रास आढळतो. डाव साठ चालींचा झाला तर प्रत्येकाला १२० मिनिटं मिळतात, म्हणजे एक फेरी चार तासांची. सुट्टीच्या दोन-तीन दिवसांत बसवलेल्या स्पर्धेत दिवसाला दोन फेऱ्या असतात. सकाळचा डाव लांबला तर दुपारच्या फेरीआधी हातात जेमतेम तास उरतो. आदल्या संध्याकाळपर्यंत ऑफिसात असलेल्या माणसाला हे झेपवायचं असतं, समोर मात्र बऱ्याचदा शाळेतला मुलगा असतो, ज्याला थकवा म्हणजे काय हे अजून माहीत नाही.

त्या मधल्या तासात काय करता यावर दुपारचा डाव बराच ठरतो. बहुतेक जण नुकताच झालेला डाव मोबाइलवरच्या इंजिनाला, म्हणजे चाली तपासणाऱ्या प्रोग्रामला, दाखवतात. इंजिन सांगतं की अठ्ठाविसाव्या चालीला तुम्ही जिंकत होतात. मग ती चाल दुपारच्या डावातही डोक्यात घोळत राहते. माझं ठाम मत आहे की स्पर्धा संपेपर्यंत इंजिन उघडूच नये. थोडं खा, बाहेर चालून या, शक्य असेल तर पंधरा मिनिटं डोळे मिटून पडा. पेअरिंग, म्हणजे कुणाची गाठ कुणाशी याची यादी, लागल्यावर प्रतिस्पर्ध्याचे जुने डाव शोधण्यातही फार वेळ घालवू नका. या पातळीवर समोरचा गेल्या वर्षी जे खेळला तेच आज खेळेल याची खात्री त्याला स्वतःलाही नसते.

घड्याळ सांभाळण्यासाठी एक साधी युक्ती आहे आणि ती नियमात बसते. नोंदपत्रकावर चालीशेजारी आपली उरलेली मिनिटं लिहा. चाली, घड्याळाची वेळ, बरोबरीचे प्रस्ताव आणि दाव्याशी संबंधित गोष्टी एवढंच तिथे लिहायची मुभा असते. स्वतःसाठी सूचना वगैरे लिहिलेल्या चालत नाहीत. अशी पाच-सहा पत्रकं जमली की ती समोर मांडून बसा. चौदाव्या चालीपाशी ६१ लिहिलेलं असतं आणि पंधराव्यापाशी ३८. म्हणजे एका चालीवर तेवीस मिनिटं गेली. कोणत्या चालीवर? डी फाइलवर (ए ते एच या आठ उभ्या रांगांपैकी चौथी) कोणता हत्ती आणायचा, राजाच्या बाजूचा की वजिराच्या बाजूचा, यावर. दोन्ही चाली चालण्यासारख्या होत्या. पुढे तिसाव्या चालीला खरा प्रश्न आला, घोड्याचा बळी द्यायचा की नाही असा, तेव्हा घड्याळात चार मिनिटं उरली होती. हा नमुना जवळपास प्रत्येक हौशी खेळाडूच्या पत्रकावर सापडतो. दोन चाली सारख्याच बऱ्या वाटत असतील तर त्यातली एक लगेच खेळा आणि वेळ वाचवा. मारामारी, प्याद्यांची रचना कायमची बदलणारी चाल, वजिरांची अदलाबदल या गोष्टी परत फिरवता येत नाहीत. तिथे मिनिटं खर्च करा.

चाल ठरली की ती करण्याआधी एकदा पटावरून नजर फिरवून नव्याने पाहा: समोरच्याकडे आता कोणते शह आहेत, काय मारता येतंय? दहा सेकंद लागतात. हे फक्त नवशिक्यांसाठी आहे असं समजू नका. २००६ मध्ये जगज्जेता असलेल्या व्लादिमीर क्रामनिकला डीप फ्रिट्झ या संगणक प्रोग्रामविरुद्ध एका चालीत होणारी मात दिसली नव्हती.

नियमांचं पुस्तक पूर्ण वाचून जा. त्यातल्या ज्या नियमांमुळे गुण जातात तेवढे इथे सांगतो. सोंगटीला हात लावला की ती चालावी लागते. नीट ठेवायची असेल तर आपली पाळी असताना आधी तसं बोलून मग हात लावा. कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) करताना आधी राजा उचला आणि एकाच हाताने करा. आधी हत्तीला हात लागला तर त्या बाजूचं कॅसलिंग गेलं, मग हत्तीच चालावा लागतो. प्यादं शेवटच्या घरात पोचलं आणि वजीर हाताशी नसेल तर घड्याळ थांबवून पंचांना बोलवा. हत्ती उलटा ठेवून ‘वजीर’ म्हणणं घरच्या खेळात चालतं, स्पर्धेत तो हत्तीच धरतात. प्यादं तसंच ठेवून घड्याळ दाबलं तर ती बेकायदा चाल ठरते. पहिल्या बेकायदा चालीला प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं वाढवून मिळतात, दुसरीला डाव जातो. मोबाइल आणि स्मार्टवॉचच्या बाबतीत कुणाची गय होत नाही. खिशात फोन सापडला की डाव गेला, मग तो बंद का असेना. बॅगेत बंद करून ठेवायला परवानगी आहे का, आणि फेरीला किती मिनिटं उशीर चालतो, हे स्पर्धेच्या माहितीपत्रकात आधीच पाहून घ्या.

एकच स्थिती तीनदा आल्यावर बरोबरी मागण्याचा नियम मात्र जरा सविस्तर सांगायला हवा, कारण अर्धा गुण इथे सगळ्यात जास्त वेळा हातातून निसटताना पाहिलाय. तिन्ही वेळा सलग यावी लागते हा गैरसमज आहे. मधे दहा चाली गेल्या तरी चालतं. तिन्ही वेळा सोंगट्या त्याच घरांत हव्यात, चाल त्याच खेळाडूची हवी, आणि कॅसलिंग व एन पासाँचे (दोन घरं पुढे आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने वाटेतच मारण्याचे) हक्कही तेच हवेत. तुमच्या चालीने ती स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल तर चाल करायची नाही. ती पत्रकावर लिहायची, घड्याळ थांबवायचं आणि पंचांना सांगायचं की ही चाल करून मी बरोबरीचा दावा करतोय. लोक उत्साहात चाल करतात, घड्याळ दाबतात आणि मग हात वर करतात. तोवर हक्क समोरच्याकडे गेलेला असतो, आणि तो बहुधा जिंकायला बघत असतो. दावा चुकीचा निघाला तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं मिळतात आणि डाव पुढे चालू राहतो. एवढंच नुकसान आहे, तेव्हा मागायला लाजू नका. बरोबरीचा प्रस्ताव द्यायचा असेल तर आपली चाल करून, घड्याळ दाबण्याआधी द्यायचा. समोरचा विचार करत असताना मधेच बोलणं हा त्रास देण्याचा प्रकार धरला जातो.

आता रेटिंग. ही पद्धत अर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांची, फिडेने ती १९७० मध्ये स्वीकारली. गणित सोपं आहे. तुमचं रेटिंग १६०० आणि समोरच्याचं १८०० असेल तर कोष्टकानुसार तुमच्याकडून डावामागे ०.२४ गुणांची अपेक्षा असते. प्रत्यक्ष गुण आणि अपेक्षित गुण यांतला फरक ‘के’ नावाच्या आकड्याने गुणायचा. के २० असेल तर जिंकल्यावर १५.२ मिळतात, बरोबरीला ५.२, हरल्यावर ४.८ जातात. १४०० वाल्याशी खेळताना हेच उलटं होतं. जिंकलात तर ४.८ आणि हरलात तर १५.२ गेले. नव्या खेळाडूचा के पहिले तीस डाव होईपर्यंत ४० असतो. त्यानंतर २४०० गाठेपर्यंत २०. पहिल्या तीस डावांत रेटिंग वर-खाली उड्या मारतं ते त्यामुळे, त्यावरून स्वतःबद्दल कसलाही निष्कर्ष काढू नका.

मात्र अठरा वर्षांखालच्या मुलांचा के, रेटिंग २३०० च्या खाली असेपर्यंत, ४० च राहतो. मुलं इतक्या वेगाने सुधारतात की तेवढ्यानेही रेटिंग त्यांच्या खेळाला गाठत नाही. समोर बसलेल्या अकरा वर्षांच्या मुलीचं रेटिंग १४५० दिसतं, पण ते तिच्या सहा महिन्यांपूर्वीच्या खेळाचं असतं. मोठ्या माणसांची सगळ्यात जास्त पडझड इथे होते, आणि त्यात अहंकाराचा वाटा मोठा असतो. मुलीला लवकर उडवू म्हणून धारदार, चढाईचा खेळ केला जातो. नेमका तोच खेळ तिचा हातखंडा. ती रोज कोडी सोडवते, डावपेच तुमच्याआधी बघते. मुलांविरुद्ध वजिरांची अदलाबदल करून संथ, लांबच्या डावात शिरावं असं माझं मत आहे. तिथे संयम लागतो आणि तो वयाबरोबर येतो. अर्थात आजकालच्या काही मुलांकडे तोही असतो, तेव्हा हात मिळवून अभिनंदन करायचं आणि पुढच्या फेरीकडे बघायचं.

जुन्या खेळाडूंच्या तोंडून १२०० आणि १३०० चे आकडे ऐकून गोंधळू नका. १ मार्च २०२४ पासून फिडेने रेटिंगची खालची मर्यादा १००० वरून १४०० केली आणि २००० च्या खालच्या सगळ्यांना एकदाच वाढ दिली. २००० ला जेवढे कमी पडत होते त्याच्या चाळीस टक्के. १००० वाला १४०० झाला, १५०० वाला १७००.

स्पर्धा बहुधा स्विस पद्धतीने होते. कुणी बाद होत नाही. समान गुण असलेले एकमेकांशी खेळतात, एकाच प्रतिस्पर्ध्याशी दोनदा गाठ पडत नाही आणि पांढरे-काळे आलटून-पालटून मिळावेत असं पाहिलं जातं. पहिल्या फेरीत रेटिंगच्या यादीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी भिडतो. १२० खेळाडू असतील तर पहिला एकसष्टाव्याशी. तुम्ही बिनरेटिंगचे असाल तर यादीच्या तळाशी असाल, म्हणजे पहिल्या फेरीत तुमच्यापेक्षा बराच वरचा खेळाडू, दुसरीत सोपा, तिसरीत पुन्हा अवघड असा झोपाळा चालतो. पहिली फेरी हरलात तर मनाला लावून घेऊ नका, यादीच लावते तसं. शेवटी गुण सारखे झाले की बुखोल्झ, म्हणजे तुमच्या प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज, वगैरे लावून क्रम ठरतो. त्यात डोकं घालण्याइतके वर तुम्ही सुरुवातीची काही वर्षं नसाल.

अभ्यासाला किती वेळ? नोकरदाराला आठवड्याला चार-पाच तास प्रामाणिकपणे काढता आले तरी पुष्कळ झालं. त्यातला सर्वांत मोठा वाटा स्वतःच्या डावांना द्या. डाव झाल्यावर प्रतिस्पर्धी तयार असेल तर बाहेर बसून दोघांनी मिळून पाहा. तो कशाला घाबरत होता आणि काय त्याच्या लक्षातही आलं नव्हतं, हे इंजिन सांगू शकत नाही. घरी आल्यावर आधी इंजिनाशिवाय, आठवेल तसं, प्रत्येक वळणावर मनात काय होतं ते लिहा. मग इंजिन लावा. नुसतं इंजिन लावलं की चूक कळते, पण ती का झाली ते कळत नाही. वेळ कमी होता? समोरचा धोका पाहिलाच नाही? की पाहिला, पण कंटाळून दुर्लक्ष केलं? हे शेवटचं कारण कबूल करायला जड जातं आणि तेच सर्वांत जास्त वेळा खरं असतं.

उरलेला वेळ कोडी आणि एंडगेम, म्हणजे थोड्याच सोंगट्या उरलेला डावाचा शेवटचा टप्पा. कोडी कमी घ्या, पण शेवटच्या चालीपर्यंत डोक्यात सोडवल्याशिवाय उत्तर पाहू नका. एंडगेममध्ये हत्तीचे शेवट आधी, कारण प्रत्यक्षात तेच सगळ्यात जास्त येतात. एक स्थिती पटावर मांडून बघा: पांढरा राजा ई५ (ई रांगेतलं पाचवं घर), प्यादं डी५, हत्ती ए७. तुमचा काळा राजा डी८ वर, प्याद्याच्या वाटेत, आणि हत्ती बी६ वर. एक प्यादं कमी आहे म्हणून दमलेला माणूस घाबरतो आणि हत्ती मागे, राजाच्या ओळीत आणून बसतो. तिथे तो हरतो. खरं तर काहीच करायचं नाही. हत्ती सहाव्या ओळीवरच इकडे-तिकडे हलवत राहायचा, म्हणजे पांढऱ्या राजाला पुढे सरकता येत नाही. वैतागून त्याने प्यादं डी६ वर ढकललं की त्याच क्षणी हत्ती थेट पहिल्या ओळीवर न्यायचा आणि मागून शह देत सुटायचं. प्यादं पुढे गेल्यामुळे राजाला आडोसा उरलेला नसतो. बरोबरी. हा बचाव अठराव्या शतकातल्या फिलिडोरच्या नावाने ओळखला जातो. शिकायला अर्धा तास लागतो आणि चौथ्या तासात अर्धा गुण वाचतो. ओपनिंगच्या कुठल्या अर्ध्या तासातून एवढं मिळतं ते मला सांगा. ओपनिंग म्हणून पांढऱ्याकडून एक आणि काळ्याकडून राजाच्या व वजिराच्या प्याद्याला एकेक उत्तर, एवढं सुरुवातीला पुरतं. प्रत्येक हरलेल्या डावानंतर ओपनिंग बदलणारे वर्षानुवर्षं तिथेच असतात.

हरण्याबद्दल एवढंच सांगतो की रात्री झोप न येणं स्वाभाविक आहे, जिंकत असलेला डाव घालवला असेल तर जास्तच. दुसऱ्या दिवशी सकाळी ते भरून काढायला म्हणून खेळू नका. त्या मनःस्थितीत माणूस पहिल्याच चालीपासून जिंकायला धावतो. सुट्ट्या आणि घरच्यांचा वेळ यात जातो हेही खरं आहे, तेव्हा वर्षातल्या मोजक्या स्पर्धा आधी ठरवून, घरी सांगून खेळलेल्या बऱ्या. ऐनवेळी धावपळ करून गेलेल्या स्पर्धेत अर्धं डोकं घरी राहतं.

पहिली स्पर्धा निवडताना ठरावीक रेटिंगखालच्या खेळाडूंचा वेगळा गट असलेली आणि शक्यतो दिवसाला एकच फेरी असलेली मिळाली तर उत्तम. फिडे रेटिंग मिळायला रेटिंगवाल्या खेळाडूंविरुद्ध किमान पाच डाव लागतात. ते एकाच स्पर्धेत व्हायला हवेत असं नाही. हिशेब १४०० च्या खाली गेला तर यादीत नाव येत नाही, पुन्हा खेळावं लागतं. एखाद्या फेरीला जमणार नसेल तर बऱ्याच स्पर्धांत आधी सांगून अर्ध्या गुणाचा बाय, म्हणजे ती फेरी न खेळण्याची सूट, मिळतो. शेवटच्या फेऱ्यांना तो सहसा देत नाहीत. स्पर्धा मधेच सोडायची वेळ आली तर पुढचं पेअरिंग लागण्याआधी पंचांना कळवा. न कळवता गैरहजर राहिलात तर तुमच्या प्रतिस्पर्ध्याला फुकटचा गुण मिळतो खरा, पण तो रेटिंगला धरत नाहीत, आणि तो बिचारा कदाचित रजा टाकून आलेला असतो.